आमच्या गल्लीत माणसं किती

महाराजपूर, जबलपूर
रविवार, दुपारचं ऊन

प्रिय माधवी,

शरयूचा तुला सप्रेम नमस्कार, सचिन आणि दीपाला आशीर्वाद, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची खास विचारपूस. (उजव्याची मागच्या फोनवर केली होती, डाव्याची करणार तोच तुझ्या बोटाने फोन बंद झाला.) तेल लावून राहिलीस की नुसतं उशाशी ठेवलं आहेस? माझं म्हणशील तर सगळं ठीक. बीपी गोळीचं ऐकतं, दात होते तेवढे आहेत, आणि थंडी अशी पडली आहे की आंघोळीच्या आधी मी न्हाणीच्या दाराशी उभी राहून बराच वेळ स्वतःची समजूत घालते. पत्रास कारण काही नाही. सहज लिहिते आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तू चष्मा लावून आधी शेवटचं पान उघडशील.

फोन असताना पत्र काहून, असं विचारशीलच. अगं, तू व्हिडिओ कॉल लावतेस आणि फोन कानाला धरतेस. त्यामुळे मला तुझा कान दिसतो, कानामागे सचिनच्या फ्लॅटमधलं घड्याळ दिसतं, आणि घड्याळाखाली सूनबाई दीपा कुकर लावताना दिसते. दीपा खोलीत असली की तू माझ्या प्रत्येक वाक्याला "हो हो, मस्त" म्हणतेस. मी परवा सांगितलं की समोरचे तिवारीजी अंगणात घसरून पडले, तरी तू "मस्त" म्हणालीस. (आता बरे आहेत.) माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून देण्यात गेली. कोण मोकळं बोलून राहिलं आणि कोण चार माणसांत बसून बोलून राहिलं, हे मला पहिल्या हॅलोला कळतं. म्हणून पत्र.

तर सांगायची गोष्ट अशी की मी पुन्हा नोकरीला लागले आहे. हसू नकोस. पगार नाही, पण शिट्टी मिळाली आहे, लाल दोरीत ओवलेली. कोपऱ्यावरच्या देशकरांची सून गीतांजली तुला आठवतच असेल. मराठी तिला सगळी समजते, बोलायला लागली की चार शब्दांनंतर गाडी हिंदीच्या रुळावर जाते. तू घर बंद करून नागपूरला सचिनकडे गेल्यावर तिने त्यांच्या पुढच्या खोलीत बालवाडी काढली. तीन-चार वर्षांची दहा-बारा पोरं. रोज सकाळी अकरा वाजले की ती सगळी एका सुरात एकपासून शंभरपर्यंत म्हणत, आणि अशा जोरात की जणू शंभर आकडा पार तिकडे आधारतालला राहतो आणि त्याला इथून हाक मारायची आहे. आता अकरा वाजता मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. (घरात आवाज असलेला बरा असतो. आनंद, वहिनी आणि अमेय, भावाचं अख्खं बिऱ्हाड पुण्याला गेल्यापासून तशी सवय लागली.) या पोरांपुढे मला माझाच आवाज ऐकू येईना. एक दिवस चपला घातल्या आणि भांडायला गेले.

गीतांजलीने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, "मावशी, तुमचं बरोबर आहे. यांना शंभरपर्यंत पाठ आहे, पर गिनती किसी को नहीं आती. बघा तुम्ही." आणि तिने एका मुलाला तीन खुर्च्या आणायला सांगितल्या. त्याने खोलीतल्या होत्या तेवढ्या सगळ्या आणल्या, त्या संपल्यावर माझी ओढायला लागला. मी चहासकट उठून उभी राहिले. गीतांजली म्हणाली, आकडे म्हणजे यांच्या लेखी गाणं आहे, त्याचा खुर्चीशी संबंध आहे हे यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून तिने ठरवलं होतं की पोरांना बाहेर न्यायचं आणि आपली माणसं, आपली दुकानं, आपली गल्ली मोजायला लावायची. आधी ग्वारीघाटला नावा मोजायला न्यायचा बेत होता, पण पाण्याचं नाव काढताच सगळ्या आयांनी हात जोडले. मग गल्लीच बरी. फक्त रांगेच्या शेवटी चालायला एक मोठं माणूस पाहिजे होतं, कुणी नालीत पडू नये म्हणून. भांडायला गेलेली मी गळ्यात शिट्टी घालून परत आले.

पहिल्या दिवशी आम्ही बळीराम प्रेसवाल्याकडे इस्त्रीचे शर्ट मोजायला गेलो. गीतांजलीचा नियम असा की एका वस्तूला एक बोट लावायचं आणि एक आकडा म्हणायचा, म्हणजे वस्तू सुटत नाही. नियम उत्तम आहे. पण त्या दिवशी कुणाचा तरी वाढदिवस होता आणि सगळ्या पोरांनी नुकतीच जिलबी खाल्ली होती. तेव्हा सात पांढऱ्या शर्टांना दहा-बारा पोरांची बोटं लागली. उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं. बळीराम आधी शर्टांकडे आणि मग माझ्या शिट्टीकडे बघत राहिला. संध्याकाळी ते शर्ट मी घरी आणून धुतले. पुष्कळ दिवसांनी दोरीवर पुरुषांचे कपडे वाळत घातले, गल्लीत त्याची वेगळी चर्चा झाली, ती पुढे सांगते.

मग गाई. गाई चार होत्या, त्यातली एक बसली होती. समोरच्या तिवारीणबाईंची नात सलोनी (तीच ती, दोन वेण्या आणि सतत सर्दी) म्हणाली, गाई तीनच. का ग, तर बसलेली गाय आज आलीच नाही, ती आराम करून राहिली आहे. तिला उठवून दाखवायला मी जवळ गेले तर गाय उठली आणि तिच्याऐवजी मीच बसले. तेव्हा सलोनीने मलाही धरून मोजून घेतलं. त्यानंतर शहपुऱ्याहून मटर आला, गल्लीत दारोदार बायका उन्हात शेंगा सोलायला बसल्या, आणि गीतांजलीने प्रत्येक पोराला मोजायला दहा दाणे दिले. थोड्या वेळाने विचारलं, किती झाले? सगळे म्हणाले, झाले. दाणे पोटात गेले होते. आणि माझ्या घराच्या पायऱ्या मोजताना मी सवयीने मराठीत मोजून राहिली होती, चार, पाच, सहा, तेवढ्यात सलोनीने माझा पदर ओढला. "दादी, क्या सहा?"

म्हटलं, "सीढ़ी."

"सीढ़ी ने क्या सहा?"

आता याला काय सांगायचं, तूच सांग. हिंदीत सहा म्हणजे सोसलं, हे मला जन्मभर इथे राहून त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी म्हटलं, सबके पाँव सहे, बेटा. ती पायरीवरून हात फिरवून पुढे गेली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग आली घरमोजणी. गीतांजलीने चुना घेऊन आपल्या अंगणात सगळ्या गल्लीचा नकाशा काढला, प्रत्येक घरावर चहाचं एकेक मातीचं कुल्हड ठेवलं, आणि पोरांना चिंचोके दिले. दारोदार जायचं, घरात माणसं किती ते विचारायचं, तेवढे चिंचोके वाटेत मोजायचे आणि परत येऊन त्या घराच्या कुल्हडात टाकायचे. पहिलंच घर तिवारींचं. तिवारीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "ग्यारह!" पोरांनी काय आरडाओरडा केला, जणू क्रिकेटचा संघच सापडला. पुढच्या घरी सहा, त्याच्या पुढे सात. प्रत्येक दारात जल्लोष. आणि मग रांग माझ्या दारापाशी आली. मी शिट्टी घातलेलीच, पण नियम म्हणजे नियम, मला आत जाऊन दार लावावं लागलं, त्यांनी कडी वाजवली, मी दार उघडलं. सलोनीने ओंजळ पुढे केली, "दादी, आपके घर में कितने लोग हैं?" बाकीची सगळी तोंडं वासून उभी, ओरडायच्या तयारीत.

माधवी, माझ्या तोंडून "चार" निघालं.

मी ठरवून नाही बोलले. एक म्हणायला तोंड उघडलं होतं, पण एकाला कोण ओरडणार? आणि चार काही हवेतून आले नाहीत. आनंद, वहिनी, अमेय आणि मी, इतकी वर्षं रेशनकार्डापासून कांदेपोह्यांपर्यंत सगळं चाराचंच होतं. खोटं नव्हतं ते, शिळं होतं. पोरांनी मनापासून ओरडून घेतलं आणि पुढे गेली. पण सलोनी थांबली. तिने माझ्या कमरेमागून घरात बघितलं. "बाकी तीन कहाँ हैं?"

म्हटलं, बाहर गए हैं.

"कब आएँगे?"

आणि मी काय म्हणाले माहीत आहे? शाम को.

झालं. त्या संध्याकाळी दिवेलागणीला फाटक वाजलं. सलोनी, स्वेटर, कानटोपी. "दादी, तीनों आ गए?" म्हटलं, नाही ग, आज उशीर झाला. ती म्हणाली, "खाना ढक के रख दो," आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी कारणं तयार ठेवायला लागले, ट्रेन लेट आहे, ऑफिसात काम आहे, अमेयची परीक्षा आहे. (अमेय सत्तावीस वर्षांचा घोडा आहे.) आणि मग, तुला म्हणून सांगते, मी दिवे लागायच्या सुमाराला चांगली साडी नेसून व्हरांड्यात बसायला लागले. ती यायची, विचारायची, मी सांगायची, ती फाटकावर एक पाय ठेवून दिवसभराच्या बातम्या सांगायची. दिवसातून एवढं एक माणूस माझ्याकडे न चुकता येत होतं, आणि तेही न आलेल्या तिघांची चौकशी करायला.

पण बातमी गल्लीत पसरायची ती पसरलीच. तिवारीणबाईंनी खीर पाठवली ती चार वाट्या. गाजराचा हलवा पाठवला तो चौघांचा. मी रोज चौघांचं खाऊन राहिली, आणि वरून दोरीवर ते सात शर्ट लोकांनी बघितलेले. तेव्हा एका सकाळी कॉलनी समितीचे अध्यक्ष भय्यासाहेब जातीने आले. तू ओळखतेस त्यांना. पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले म्हणून त्यांचं मराठी अजून घोड्यावरून उतरलेलं नाही. म्हणाले, "शरयूताई, आपण भाडेकरू ठेवलेत असे कानी आले. ठेवावेत. परंतु पोलिसांत वर्दी देणे आवश्यक असते." मी म्हटलं, भाडेकरू नाहीत हो. "मग पुरुषांचे सात सदरे?" म्हटलं, ते जिलबीमुळे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं काही मी सांगितलंच नाही. जाताना म्हणाले, समितीच्या मते आपल्या घरी एक व्यक्ती आहे, आनंदराव जाताना तसं सांगून गेले होते. किती सहज सांगून गेला बघ. मी त्याच्यासाठी डब्यात चिवडा भरून राहिली होती तेव्हा हा फाटकापाशी उभा राहून मला मोजून देत होता. (त्याच्यावर राग नाही. त्यांनी मला चल म्हटलं होतं, मी महिनाभर राहूनही आले. अकराव्या मजल्यावर सगळं छान आहे, फक्त खालून कुणी हाक मारत नाही.)

काल शनिवारी गीतांजलीने सगळ्या आईबापांना अंगणात बोलावलं, गल्लीची बेरीज बघायला. मला आधी वाटलं जाऊच नये, ताप आला म्हणून सांगावं. पण शिट्टी माझ्याकडे होती. ऊन चांगलं पडलं होतं, सतरंज्या घातल्या होत्या, लोक खरंच आले. एका मुलाचे वडील मात्र मोटरसायकलवरून उतरलेच नाहीत, हेल्मेट मांडीवर ठेवून फाटकातच बसले आणि तिथूनच म्हणाले, "ये सब तो ठीक है मैडम, पहाड़े कब होंगे?" पाढ्यांचं नाव निघताच दोन-तीन आयांनी माना हलवल्या. मला गीतांजलीच्या सासूकडून कळलं होतं की जानेवारीत बरीच पोरं मोठ्या शाळेत घालायचं चाललं आहे, जिथे टाय असतो. गीतांजली हसत होती, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून राहिली होती.

पोरांनी सगळी कुल्हडं एका परातीत रिकामी केली आणि दहा-दहाचे ढीग लावायला घेतले. कुणी मदत केली नाही, माधवी. ज्या पोरांनी तीन खुर्च्या मागितल्यावर घर रिकामं केलं होतं, तीच जिभा बाहेर काढून एकेक चिंचोका बाजूला सरकवत होती, एका बोटाला एक. आठ ढीग झाले आणि वर एक. "इक्यासी!" सगळे ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोच भय्यासाहेब उभे राहिले. "क्षमा असावी. समितीचा आकडा अठ्ठ्याहत्तर आहे. तीन अधिक आले. बालके चुकली."

मोटरसायकलवाले म्हणाले, "देखा? गिनती भी गलत."

पोरांनी पुन्हा मोजलं. एक्क्याऐंशी. पुन्हा मोजलं. एक्क्याऐंशी. आता त्यांचे ढीग पडून राहिले होते, आणि गीतांजलीच्या तोंडावरचं हसू कुणीतरी पुसून घेतल्यासारखं गेलं होतं. मग एक पोरगा सलोनीला म्हणाला, तूने ज़्यादा डाले. सलोनी रडली नाही. तिने सगळ्या माणसांतून मला शोधून काढलं आणि विचारलं, "दादी, आपने चार बोला था न?"

मी उठले. बोलायच्या आधी घसा साफ करावा म्हणून हात तोंडाशी नेला, तर हातात शिट्टी होती, आणि ती वाजली. जोरात वाजली. सवयीने सगळी पोरं उठून एकमेकांचे शर्ट धरून रांगेत उभी राहिली. भय्यासाहेबसुद्धा क्षणभर सावधान झाले. अशा शांततेत मला सांगावं लागलं की बच्चे सही हैं. मैंने गलत बताया. मेरे घर में एक है.

वाक्य लहानसंच होतं ग. पण भर उन्हात, सगळ्या गल्लीसमोर, हिंदीत म्हणताना ते फार मोठं वाटलं. मराठीत एक आणि हिंदीत एक सारखंच असतं, तिथे सुटकाही नाही. मी खाली बसायला वळले. तेवढ्यात तिवारीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हमको तो मालूम था."

म्हटलं, "मालूम था? फिर खीर चार जनों की काहून भेजी?" (घाबरल्यावर माझ्या हिंदीत नागपूर येतं.)

"अरे, आपने चार बोला तो चार की भेजी. और क्या करते?"

मी खाली बसले. सलोनी मात्र कामाला लागली होती. तिने ढिगांतून तीन चिंचोके काढले आणि हातात घेऊन उभी राहिली. "मैडम, ये तीन कहाँ रखूँ?" परत डब्यात टाक, असं कुणीही सांगितलं असतं. गीतांजलीने थोडा विचार केला, एक कोरं कुल्हड उचललं आणि चुन्याच्या रेघेबाहेर, गल्ली जिथे संपते तिथे ठेवलं. म्हणाली, जे बाहेर गेले ते इथे. सलोनीने एक, दोन, तीन करून माझी माणसं त्यात ठेवली.

आणि मग तिवारीणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "रुको बेटा. हमारे ग्यारह में से भी निकालो." त्यांचा धाकटा, त्याची बायको आणि मुलगी सुरतला असतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्या अजून अकराच म्हणतात. तीन चिंचोके गेले. मागून कुणीतरी म्हणालं, आमचा एक हैदराबादला. दुसरं कुणी म्हणालं, आमच्या दोघी सासरी, पण मी धरल्या होत्या. बळीराम म्हणाला, माझा भाऊ. एकेक जण येऊन आपापला आकडा कमी करून राहिला होता आणि पोरं भराभर मोजून राहिली होती, त्यांना कधी नव्हे इतकं काम आलं होतं. भय्यासाहेबांनी घरी पाच सांगितले होते. गीतांजलीने विचारलं, तेव्हा म्हणाले, चिरंजीव सहकुटुंब तात्पुरते बाहेर आहेत. "कधीपासून, काका?" भय्यासाहेबांनी स्वतः वाकून तीन चिंचोके उचलले आणि कुल्हडात न टाकता हळूच ठेवले. त्यांची बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. सगळ्यांत शेवटी मोटरसायकलवाले खाली उतरले, आले, एक चिंचोका काढला, आणि कोण, कुठे, काहीच बोलले नाहीत. परत जाऊन हेल्मेट घातलं. पाढ्यांचं पुन्हा विचारलं नाही.

बाहेरचं कुल्हड भरलं, दुसरं ठेवलं, तेही भरत आलं. गल्लीत उरले ते साठाला कसेबसे पोचले. पोरांनी तो आकडा ओरडून सांगितला, आणि या वेळी आम्ही मोठी माणसं ओरडलो नाही, पण टाळ्या पुष्कळ वाजवल्या. एकाही आईने जानेवारीची गोष्ट काढली नाही. गीतांजली मला म्हणाली, "मावशी, तुमच्यामुळे आज वजाबाकी पण झाली." तिने ते कौतुकानेच म्हटलं, असं मी धरून चालले आहे.

आता तू म्हणशील, चला, छान झालं. झालंच. आज सकाळपासून लोक फाटकातून हाक मारून जातात, बळीराम शर्टांबद्दल मला माफ करून बसला आहे. फक्त एक तोटा झाला. काल संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे व्हरांड्यात बसले, चांगली साडी, बाजूला शेंगदाणे. दिवे लागले. समोर सलोनी अंगणात खेळताना दिसत होती. मला बघून तिने हात हलवला, आणि खेळत राहिली. बरोबरच आहे. तिला आता विचारायचं काय राहिलं? तिला उत्तर मिळालं. मी थोडा वेळ बसले आणि मग थंडी वाजायला लागली म्हणून आत आले. जेवण एकाचंच केलं, पण मीठ चौघांचं पडलं.

तर असं आहे. तू काळजी करू नकोस, मी मजेत आहे. सकाळी शाळा असते, उद्या पोस्टमन आणि त्याची पत्रं मोजायची आहेत. (हे पत्र त्यालाच देईन, म्हणजे मोजायला निदान एक तरी होईल.) सचिनला सांग, स्वेटर घालत जा. दीपाला सांग, मावशीने आठवण काढली. तू स्वतःला सांभाळ आणि वाचून झालं की हे पत्र कुठेतरी नीट ठेव, दीपाच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझी
शरयू

ता. क. एक लहानशी गोष्ट लिहायची राहिली. गीतांजलीच्या दिराचं लग्न ठरलं आणि पुढची खोली नव्या जोडप्याला पाहिजे, तेव्हा बालवाडीला जागा उरली नाही. तुझं घर बंदच आहे. खालच्या दोन खोल्या आणि अंगण मिळालं तर पोरांची सोय होईल. सचिनला विचारून सवडीने कळव. घाई नाही.

आणखी ता. क. घाई नाही असं वर लिहिलं खरं, पण रंगारी लवकर आले, त्यामुळे पोरं उद्यापासून तुझ्याकडेच बसतील. सतरंज्या आज सकाळीच नेऊन टाकल्या. किल्ली तू मला आग लागली तर म्हणून देऊन गेली होतीस. आग लागलेली नाही. तू नाही म्हणालीस तर मी पोरांना उठवीन, पण ते तू स्वतः येऊन त्यांना सांग, माझ्याच्याने होणार नाही.

शेवटचा ता. क. वरची खोली मी पोरांना दिली नाही. ती झाडून घेतली, गादी उन्हात घातली, खिडकीला पडदा लावला, तो माझाच जुना निळा आहे, वाईट दिसत नाही. जिन्याला डाव्या बाजूने धरायला काही नव्हतं म्हणून गणपत सुताराकडून कठडा बसवून घेऊन राहिली आहे. तो विचारत होता, पोरं तर खालीच राहणार, मग वर कठडा कोणासाठी? मी म्हटलं, तू लाव.